सदर्न ऑल स्टार्सची लोकप्रिय गीते

सदर्न ऑल स्टार्स हा जपानमधील एक दीर्घजीवी रॉक वाद्यवृंद आहे. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका २५ जून १९७८ रोजी प्रकाशित झाली आणि २०२५ साली, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनंतरही त्याचा नवा गीतसंग्रह बाजारात आला. या काळात या वृंदाने ऐंशीच्या दशकातील नृत्यगीते, नव्वदच्या दशकातील विक्रमी खपाची प्रेमगीते आणि पुढे सामाजिक आशयाची गीते रचली. त्यांतील काही गीते जपानी लोकजीवनात इतकी मुरली आहेत की रेल्वे स्थानकावर गाडी सुटण्याची सूचनाही त्यांच्या चालीवर दिली जाते. एका गीतावर मात्र नैसर्गिक आपत्तीमुळे अनेक वर्षे मौनाची छाया पसरली. प्रस्तुत लेखात वृंदाच्या निवडक गीतांचा, त्यांच्या जडणघडणीचा आणि समाजातील स्थानाचा परिचय दिला आहे.

वृंद आणि त्याची भूमी

वृंदाचा प्रमुख गायक, गीतकार व संगीतकार केइसुके कुवाता याचा जन्म २६ फेब्रुवारी १९५६ रोजी कानागावा प्रांतातील चिगासाकी या शहरात झाला. हे शहर तोक्योच्या नैर्ऋत्येस सागामी उपसागराच्या काठी वसले आहे. या किनारपट्टीला शोनान म्हणतात. एनोशिमा बेट आणि समुद्रातून सुळक्यासारखा वर आलेला एबोशी-इवा हा खडक या परिसराच्या खुणा होत. कुवाताच्या गीतांत त्या वारंवार येतात. एखाद्या गावाचा भूगोल एकाच गीतकाराने इतक्या चिकाटीने गाण्यांत उतरवल्याचे उदाहरण जपानी लोकप्रिय संगीतात क्वचितच सापडेल.

तोक्योतील आओयामा गाकुइन विद्यापीठाच्या संगीतमंडळात हा वृंद आकाराला आला. कुवातासह यूको हारा (कळफलक वाद्ये), काझुयुकी सेकिगुची (बास गिटार), हिरोशी मात्सुदा (ड्रम), हिदेयुकी नोझावा (तालवाद्ये) आणि ताकाशी ओमोरी (गिटार) असे सहा सदस्य त्यात होते. कुवाता आणि हारा यांचा विवाह १९८२ साली झाला. ओमोरी २००१ साली वृंदातून बाहेर पडला. तेव्हापासून वृंद पाच जणांचा आहे. त्याच वर्षी, १९८२ मध्ये आलेले ‘याया’ हे गीत विद्यापीठातील त्या मंडळाच्या आठवणींवर रचलेले आहे. महाविद्यालयीन दिवसांचा निरोप घेणाऱ्या जपानी तरुणांच्या ओठी ते पुढे अनेक वर्षे राहिले.

पहिले गीत : ‘कात्ते नी शिंदोबाद्दो’

या शीर्षकाचा अर्थ ढोबळमानाने ‘मनमानी सिंदबाद’ असा होतो, परंतु मुळात तो एक विनोद आहे. १९७७ साली केंजी सावादा या गायकाचे आणि पिंक लेडी या गायिकाद्वयाचे अशी दोन गीते जपानमध्ये गाजली होती. त्या दोहोंच्या शीर्षकांचे तुकडे जोडून हे शीर्षक तयार झाले. त्यामुळे त्याला स्वतंत्र अर्थ शोधण्यात फारसे हशील नाही. गीतात मात्र चिगासाकी, एनोशिमा आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ओसरणारी प्रीती हे सर्व अतिशय वेगाने येऊन जाते.

दक्षिण अमेरिकी सांबा नृत्याची लय, रॉक संगीताचा जोर आणि जुन्या जपानी चित्रपटगीतांसारखी हळवी चाल यांचे हे मिश्रण होते. दूरचित्रवाणीवर हे तरुण धावण्याच्या अर्ध्या चड्ड्या घालून, घाम गाळीत गात असत. शब्द इतक्या भरभर उच्चारले जात की जपानी श्रोत्यांनाही ते नीट कळत नसत. गीत ओरिकॉन या जपानी लोकप्रियता-यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले, पण त्याबरोबर वृंदावर ‘विनोदी मंडळी’ असा शिक्का बसला. पंचवीस वर्षांनी, २००३ साली, हेच गीत पुन्हा प्रकाशित झाले आणि तेव्हा मात्र ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

जपानी शब्द आणि रॉकची लय

कुवाताच्या गाण्यातील नावीन्य समजण्यासाठी जपानी भाषेच्या उच्चाराकडे पाहणे आवश्यक आहे. जपानी उच्चाराचे मोजमाप ज्या घटकाने होते तो मराठी वाचकाच्या परिचयाच्या ‘मात्रे’शी बराच जुळतो. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ स्वराच्या दोन, आणि शब्दातील सुट्या ‘न्’चीही स्वतंत्र एक मात्रा. ‘तोक्यो’ हे नाव जपानी माणूस ‘तो-ओ-क्यो-ओ’ असे चार मात्रांत उच्चारतो. परंपरागत गाण्यात सामान्यतः एका मात्रेला एक स्वर मिळतो. त्यामुळे शब्द स्पष्ट ऐकू येतात, पण रॉक संगीताच्या आघातयुक्त लयीत ते सपाट आणि अवजड वाटतात.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी जपानी संगीतक्षेत्रात यावर मोठा वाद झाला होता. रॉक हे इंग्रजीतच गावे असे एका पक्षाचे मत होते. ‘हॅपी एंड’ या वृंदाने जपानीत गाऊन त्याला उत्तर दिले. कुवाताने या वादात न पडता तिसरीच वाट काढली. तो आधी चाल रचताना निरर्थक, इंग्रजीसारखे भासणारे ध्वनी गातो आणि मग त्या ध्वनींना जवळचे असे जपानी शब्द शोधतो. गाताना तो अनेक मात्रा एकाच स्वरात कोंबतो, व्यंजने घासतो, स्वर गिळतो. परिणामी शब्द जपानी राहतात आणि आघात इंग्रजी रॉकचे येतात. आरंभी भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचले नाही. तथापि पुढच्या पिढीतील अनेक जपानी गायकांनी ही पद्धत इतकी आत्मसात केली की आज तिचे वेगळेपण सहजी जाणवतही नाही. कुवाताने स्वतः १९८४ साली आपल्या गीतांवर एक पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकाचा भावार्थ ‘ही तर नुसती गाण्यांची बोलपट्टी’ असा आहे. ही नम्रता कितपत खरी मानावी हा प्रश्नच आहे, कारण शब्दांच्या ध्वनीवर इतकी मेहनत घेणारे गीतकार थोडेच.

‘इतोशी नो एरी’

विनोदी वृंद ही प्रतिमा पुसली ती २५ मार्च १९७९ रोजी आलेल्या ‘इतोशी नो एरी’ (‘प्रिय एरी’) या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेने. हे संथ लयीचे प्रेमगीत आहे. प्रेयसीला दुखावल्याची जाणीव झालेला तरुण तिला आळवतो, एवढाच त्याचा विषय. अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताची छाप त्याच्या चालीवर स्पष्ट आहे. गीत ओरिकॉन यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले आणि वर्षअखेरीस वृंदाला एनएचकेच्या ‘कोहाकू उता गास्सेन’ या कार्यक्रमात प्रथमच स्थान मिळाले. ३१ डिसेंबरच्या रात्री होणारा हा गीतमहोत्सव जपानमध्ये घरोघर एकत्र बसून पाहिला जातो. तेथे बोलावणे येणे ही लोकमान्यतेची पावती समजली जाते. १९८३ साली टीबीएस वाहिनीवरील तरुणांच्या जीवनावरील ‘फुझोरोइ नो रिंगोताची’ या मालिकेसाठी हे गीत शीर्षकगीत म्हणून वापरले गेले आणि त्याला दुसरे आयुष्य लाभले.

तिसरे आयुष्य अमेरिकेतून आले. ज्या गायकांच्या शैलीतून हे गीत स्फुरले, त्यांतील अग्रणी रे चार्ल्स यांनी १९८९ साली इंग्रजी शब्दांत ‘एली माय लव्ह’ या नावाने ते गायले. सन्तोरी कंपनीच्या व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी हे गायन झाले होते आणि जपानमध्ये ते फार लोकप्रिय झाले. जाहिरातीचे निमित्त क्षुल्लक असले तरी अनुकरणाचा प्रवाह येथे उलट दिशेने वाहिला, हे लक्षणीय आहे.

ऐंशीचे दशक

१९८० च्या सुमारास वृंदाने काही काळ दूरचित्रवाणीपासून दूर राहून ध्वनिमुद्रणावर भर दिला. तेव्हाची गीते फारशी खपली नाहीत. जानेवारी १९८२ मध्ये आलेल्या ‘चाको नो काइगान मोनोगातारी’ (‘चाकोची किनाऱ्यावरची गोष्ट’) या गीताने लोकप्रियता परत आणली. हे गीत म्हणजे तत्कालीन कोवळ्या ‘आयडॉल’ गायकांच्या गोडगोड शैलीचे विडंबन होते, पण श्रोत्यांनी ते विडंबन न मानता मनापासून गुणगुणले. ‘चाको’ हे टोपणनाव वृंदाच्या ध्वनिमुद्रण कंपनीतील एका निर्मात्याचे होते.

‘मिस ब्रँड न्यू डे’ (१९८४) या गीताचा सूर वेगळा आहे. सिंथेसायझरच्या यांत्रिक ध्वनींवर बेतलेले हे गीत नव्या पोशाखाच्या आणि नव्या वस्तूंच्या मागे धावणाऱ्या, सर्वांसारखेच दिसू इच्छिणाऱ्या शहरी तरुणाईची टिंगल करते. जपान तेव्हा समृद्धीच्या शिखराकडे वाटचाल करीत होता, आणि ज्यांची टिंगल होत होती तेच या गीतावर नाचत होते. १९८५ साली ‘बाय बाय माय लव्ह’ आणि ‘मेलडी’ ही गीते व ‘कामाकुरा’ हा दुहेरी गीतसंग्रह आला. त्यानंतर हारा बाळंतपणासाठी थांबली आणि वृंदाने विश्रांती घेतली. १९८८ मधील ‘मिन्ना नो उता’ (‘सर्वांचे गाणे’) हे पुनरागमनाचे गीत आजही मैफलींत श्रोत्यांच्या कोरससह गायले जाते.

एवढी कीर्ती मिळूनही ओरिकॉन यादीतील पहिला क्रमांक वृंदाला १९८९ साली ‘सायोनारा बेबी’ या गीतामुळे मिळाला. पदार्पणापासून त्याला अकरा वर्षे लागली.

‘मानात्सु नो काजित्सु’ आणि ‘किबो नो वादाची’

१९९० साली कुवाताने ‘इनामुरा जेन’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. शोनानच्या किनाऱ्यावर मोठ्या लाटेची वाट पाहणाऱ्या तरुणांची ती कथा आहे. चित्रपटापेक्षा त्याची गीते अधिक टिकली, यावर बहुतेकांचे एकमत होईल.

‘मानात्सु नो काजित्सु’ (‘भर उन्हाळ्यातले फळ’) २५ जुलै १९९० रोजी आले. नाव उन्हाळ्याचे असले तरी गीत विरहाचे आहे. सरलेल्या ऋतूची आठवण त्यात थंडीतल्या पावसासारखी झिरपते. ताकेशी कोबायाशी याच्या सहकार्याने केलेली त्याची वाद्ययोजना मुद्दाम विरळ ठेवली आहे. घंटिकांसारखे नाजूक स्वर आणि मागे संथ लय एवढ्यावरच गीताचा पूर्वार्ध तोललेला आहे. १९९१ साली हाँगकाँगचा गायक जॅकी चेउंग याने हीच चाल कँटनी भाषेत गायली. हाँगकाँग आणि इतर चिनी भाषक प्रदेशांत ते गीत इतके रुळले की तेथील अनेक श्रोत्यांना त्याचे मूळ जपानी आहे हे ठाऊक नसते.

‘किबो नो वादाची’ (‘आशेच्या चाकोऱ्या’) हे त्याच चित्रपटाच्या संग्रहातील गीत. ते स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून कधी निघाले नाही, त्यामुळे खपाच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव सापडत नाही. तरीही वृंदाच्या सर्वाधिक प्रिय गीतांत त्याची गणना होते. लोकप्रियता केवळ यादीतील क्रमांकाने मोजणाऱ्यांनी या गीताचा विचार अवश्य करावा. त्यात एबोशी-इवाचा उल्लेख असल्याने चिगासाकीकरांना ते आपले वाटते. २०१४ पासून चिगासाकी रेल्वे स्थानकावर गाडी सुटताना याच गीताची धून वाजते. तेथील समुद्रकिनाऱ्याचे नावही १९९९ साली ‘सदर्न बीच चिगासाकी’ असे ठेवण्यात आले.

नव्वदचे दशक

या दशकात जपानी ध्वनिमुद्रिकांचा व्यापार शिगेला पोहोचला होता. जुलै १९९२ मध्ये वृंदाने ‘नामिदा नो किस्सु’ (‘अश्रूंचे चुंबन’) आणि ‘शुराबा-रा-बांबा’ या दोन ध्वनिमुद्रिका एकाच दिवशी काढल्या. पहिले गीत एका गाजलेल्या दूरदर्शन मालिकेशी जोडलेले होते आणि ते वृंदाचे दहा लाखांवर खपलेले पहिले गीत ठरले. पुढल्या वर्षीच्या ‘एरोतिका सेव्हन’चा खप त्याहूनही अधिक झाला. १९९६ मधील ‘आई नो कोतोदामा’ हे या काळातील सर्वांत विलक्षण गीत म्हणता येईल. ‘कोतोदामा’ म्हणजे शब्दांत वास करणारी शक्ती. ही प्राचीन जपानी कल्पना घेऊन रचलेल्या या गीतात इंडोनेशियाच्या भाषेतील रॅपही आहे.

‘त्सुनामी’

२६ जानेवारी २००० रोजी ‘त्सुनामी’ हे गीत प्रकाशित झाले. टीबीएस वाहिनीवरील ‘मिराई निक्की’ या कार्यक्रमात ते वाजत असे. अनोळखी तरुण-तरुणींनी आधीच लिहिलेल्या रोजनिशीप्रमाणे वागायचे आणि त्यातून प्रेम जुळते का ते पाहायचे, असे त्या कार्यक्रमाचे स्वरूप होते. ‘त्सुनामी’च्या २९ लाखांहून अधिक प्रती खपल्या. जपानच्या इतिहासातील सर्वाधिक खपलेल्या गीतांत त्याचे स्थान आहे. त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कारही त्याला मिळाला.

गीतात सागरी आपत्तीचे वर्णन नाही. प्रिय व्यक्तीपुढे उभे राहताच मनात उसळणारी, आवरता न येणारी लाट, अशा अर्थाने शीर्षक योजले आहे. किनाऱ्यावर वाढलेल्या कवीने प्रेमासाठी समुद्राची उपमा घ्यावी यात नवल नव्हते. हा शब्द तेव्हा जपानबाहेर आजच्याइतका परिचितही नव्हता. मराठी वृत्तपत्रांतून तो घरोघर पोहोचला तो २६ डिसेंबर २००४ च्या हिंदी महासागरातील प्रलयानंतर.

११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानच्या किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाठोपाठ महाकाय लाटा आल्या. सुमारे १५,९०० जण मृत्युमुखी पडले आणि अडीच हजारांहून अधिक बेपत्ता झाले. त्या दिवसापासून हे गीत आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले. तशी सरकारी बंदी नव्हती. शीर्षकाचा एक शब्द आप्तांना गमावलेल्यांच्या कानी पडू नये, हा विचार त्यामागे होता. वृंदाच्या मैफलींतूनही ते पुढे अनेक वर्षे गायले गेले नाही.

कुवाता त्या सुमारास स्वतः एका संकटातून बाहेर पडत होता. २०१० साली त्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न होऊन शस्त्रक्रिया झाली होती. प्रकृती सुधारल्यावर त्याने १० व ११ सप्टेंबर २०११ रोजी मियागी प्रांतातील रिफू येथे मैफल केली. आपत्तीनंतरच्या दिवसांत याच सभागृहात मृतदेह ठेवण्यात आले होते. तेथे गाणे उचित की अनुचित हा प्रश्न सोपा नव्हता. त्याने गायले, आणि श्रोतेही आले.

मियागी प्रांतातीलच ओनागावा या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावात आठशेहून अधिक माणसे दगावली वा बेपत्ता झाली होती. पाणी कोठे मिळेल, गाडी केव्हा सुटेल, कोण सापडले, ही माहिती देण्यासाठी तेथील लोकांनी एप्रिल २०११ मध्ये एक तात्पुरते आपत्कालीन एफएम केंद्र सुरू केले. मार्च २०१६ मध्ये ते बंद झाले. बंद होण्याआधी त्या केंद्राने अखेरचे गीत म्हणून ‘त्सुनामी’ वाजवले. त्याच महिन्यात कुवाताने ओनागावाला जाऊन आपला नभोवाणी कार्यक्रम तेथूनच सादर केला. गीत ऐकावे की न ऐकावे याविषयी आपद्ग्रस्तांतही एकमत नाही. काहींना ते असह्य वाटते, तर काहींना ते आपत्तीपूर्वीच्या सुखी दिवसांतले गाणे म्हणून परत हवे असते. यांपैकी कोणत्याही बाजूला चूक ठरवता येत नाही. मात्र ओनागावातील निर्णय बाहेरच्यांनी त्यांच्या वतीने घेतलेला नव्हता, एवढा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

सामाजिक आशयाची गीते

पाच वर्षांच्या विरामानंतर वृंद २०१३ साली परतला तो ‘पीस तो हायराइतो’ हे गीत घेऊन. ‘पीस’ आणि ‘हायलाइट’ ही जपानमधील सिगारेटींची नावे आहेत. श्लेषाने त्यातून शांततेचा अर्थ निघतो. शेजारी देशांशी बिघडलेल्या संबंधांचा त्यात उल्लेख आहे. शाळेत इतिहास आधुनिक काळापर्यंत पोहोचण्याआधीच वर्ष संपते, अशी तक्रारही आहे. ही तक्रार कोणत्याही देशातील इतिहासशिक्षकाला ओळखीची वाटेल. २०१४ च्या ‘कोहाकू’त वृंदाने, एकतीस वर्षांच्या खंडानंतर, हे गीत योकोहामातील मैफलीतून थेट प्रक्षेपणाद्वारे सादर केले. कुवाताने लावलेली आखूड मिशी आणि सरकारकडून मिळालेल्या सन्मानपदकाची मैफलीत केलेली थट्टा यांवरून निषेध झाला. जानेवारी २०१५ मध्ये त्याने व त्याच्या व्यवस्थापन संस्थेने क्षमा मागितली. गीत मात्र मागे घेतले नाही.

२०२३ मधील ‘रिले : मोरी नो उता’ (‘रिले : वनगीत’) हे गीत तोक्योतील मेइजी जिंगू गाइएन या परिसराच्या पुनर्विकासाशी संबंधित आहे. तेथील जुनी झाडे तोडण्यास अनेकांचा विरोध होता. संगीतकार र्‍यूइची साकामोतो यांनी मृत्यूपूर्वी तोक्योच्या राज्यपालांना या संदर्भात पत्र लिहिले होते. वृंद ज्या स्टुडिओत वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रण करतो, तोही याच परिसरात आहे. गीतात घोषणा नाहीत. झाडांच्या सावलीत रोज येणाऱ्या माणसाने ती सावली पुढच्यांनाही मिळावी असे म्हणावे, इतकाच त्याचा स्वर आहे.

अलीकडील मैफली

२५ जून २०२० रोजी, कोविड साथीच्या काळात, वृंदाने योकोहामा अरीना येथे प्रेक्षकांविना मैफल केली आणि ती आंतरजालावरून प्रक्षेपित झाली. सुमारे १ लाख ८० हजार तिकिटे विकली गेली. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चिगासाकीच्या बेसबॉल मैदानावर चार दिवस मैफली झाल्या. याच मैदानावर वृंदाने २००० आणि २०१३ सालीही गायन केले होते. मार्च २०२५ मध्ये ‘थँक यू सो मच’ हा संग्रह प्रकाशित झाला. त्याआधीचा ‘बुदो’ (‘द्राक्षे’) हा संग्रह २०१५ चा होता.